घरची बालवाडी : शाळेपूर्वीच्या एका वर्षाची आखणी

आपल्या या नगरीत मंगळनाथाच्या वाटेवर सांदीपनी ऋषींचा आश्रम आहे. श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा यांनी येथे विद्या संपादन केली अशी परंपरा आहे. पाटीवरचे अंक भगवंतांनी जेथे धुतले त्या स्थळास अंकपात हे नाव पडले, असेही सांगतात. पुष्कळ पालक आपल्या मुलांस ती जागा दाखवतात आणि 'तूही असाच शीक' म्हणून सांगतात. परंतु या कथेतील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. सांदीपनींकडे येण्यापूर्वी कृष्णाचे बालपण गोकुळात गेले होते. गाईवासरे, यमुनेचा काठ, सवंगडी, यशोदेच्या घरातील घुसळण आणि लोणी, हीच त्याची पहिली शाळा होती. आश्रमातील पाठ त्यानंतर आला. आज आपण मात्र चार-पाच वर्षांच्या मुलाचे गोकुळ वगळून त्याला एकदम आश्रमात बसवण्याची घाई करीत आहो.

इयत्ता पहिलीपूर्वीचे एक वर्ष मुलास घरीच शिकवावे, असा विचार अलीकडे आपल्या काही कुटुंबांत होऊ लागला आहे. तो योग्य की अयोग्य, आणि योग्य असल्यास त्या वर्षाची आखणी कशी करावी, याचा विचार या पाठात आम्ही करणार आहो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : हे वर्ष घरी अवश्य घालवता येईल, पण घरात छोटी शाळा मांडून नव्हे. घरातील कामे, घरातील भाषा आणि घराबाहेरील ऋतू यांतूनच ते घडले पाहिजे. आणि त्यासाठी, दिसते त्याहून अधिक, आखणी लागते.

१. या वर्षासंबंधी कायदा आणि धोरण

प्रथम पालकांच्या मनातील भीती दूर केली पाहिजे. एक वर्ष घरी राहिल्याने मूल मागे पडेल, त्याला पुढे प्रवेश मिळणार नाही, ही ती भीती होय. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे हे वय सक्तीच्या व मोफत शिक्षणाचे मानले आहे. सहा वर्षांखालील मुलास शाळेत घातलेच पाहिजे असे बंधन त्यात नाही. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची अथवा पालकांची परीक्षा किंवा मुलाखत घेऊन निवड करण्यास मनाई केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ ही पाच वर्षे मिळून एकच पायाभूत टप्पा धरला, आणि पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असावीत असे ठरवले. त्याला अनुसरून २०२२ मध्ये या टप्प्याचा जो अभ्यासक्रम-आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी नेमलेले पाठ्यपुस्तक असू नये असे म्हटले आहे. खेळ, गोष्ट, गाणे, संभाषण आणि हातांचे काम हाच त्या वयाचा अभ्यास, हे आता शासनाच्या कागदावरही आले आहे.

तेव्हा चार वर्षांच्या मुलाने वहीची पाने भरली नाहीत म्हणून चिंता करण्याचे कारण नाही. उलट शरीरशास्त्र काय सांगते ते पाहावे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या रूपात असतात आणि वर्षांमागून वर्षे एकेक करून पक्की होतात. हे काम दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत चालते. बालकाच्या बोटांना पेन्सिल दाबून धरून दोन ओळींच्या मध्ये अक्षर बसवण्यास लावणे म्हणजे अर्ध्या भाजलेल्या मडक्यात पाणी भरण्यासारखे आहे.

२. ज्यांनी वाट दाखवली

आपण ज्याला बालवाडी म्हणतो त्या संस्थेचा इतिहास या कामी बोधप्रद आहे. जर्मनीतील फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० साली आपल्या शाळेस 'किंडरगार्टन' हे नाव दिले. त्याचा अर्थ मुलांची बाग. बागेत माळी रोपाला ओढून उंच करीत नाही. माती, पाणी आणि ऊन यांची सोय करतो. पुढे १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले. हात आणि इंद्रिये यांच्याद्वारे मूल स्वतःच शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांना भारतातच राहावे लागले.

परंतु त्या येथे येण्याच्या कितीतरी आधी गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई व्यवसायाने वकील. ते वकिली सोडून मुलांत रमले, आणि लोक त्यांना कौतुकाने 'मिशाळ आई' म्हणू लागले. त्यांच्या सहवासात तयार झालेल्या ताराबाई मोडक यांनी मराठी मुलखात बालशिक्षणाचा पाया घातला. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. पण शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे काम राहू नये म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डी या खेड्यात गेल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत राहिल्या. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्यासोबत होत्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने बोर्डी-कोसबाडचे महत्त्व फार मोठे आहे. माँटेसरी पद्धतीची साधने महाग असत. ताराबाई व अनुताई यांनी त्यांच्या जागी खडे, शंखशिंपले, पाने, फुले आणि बिया आणल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ज्या विदुषींनी अंगणाला शाळा केले त्यांचा आधार असताना आपल्या अंगणाबद्दल आपणच साशंक का असावे?

३. आपली विशेष गोष्ट : भाषा

पुण्यातील अथवा सातारच्या कुटुंबास ज्याचा विचार करावा लागत नाही अशी एक गोष्ट उज्जयिनीतील मराठी कुटुंबास विचारात घ्यावी लागते. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी येथे ठाणे मांडले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे बायजाबाई शिंदे यांनी गोपाळ मंदिर बांधविले. हरसिद्धीच्या प्रांगणातील दोन उंच दीपमाळा पाहून आजही परगावचा मराठी माणूस क्षणभर थबकतो. दरबाराची गादी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला गेली. मराठी घरे मात्र येथेच राहिली. बाजारात हिंदी, शेजारी मालवी आणि आता शाळेत इंग्रजी, अशा वेढ्यात पिढ्यान्पिढ्या मराठी टिकली ती मुख्यत्वे स्वयंपाकघरात, देवघरात आणि आजीच्या मांडीवर.

आज हा धागा विरळ होत चालला आहे. आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, हे दृश्य आपल्या घराघरांत दिसते. मुलास मराठी कळते, पण बोलवत नाही. याचे कारण असे की तिसऱ्या वर्षी मूल बाहेर जाऊ लागते आणि ज्या वयात वाक्ये जिभेवर बसावयाची त्याच वयात घरी मिळणारा वेळ कमी होतो. शाळेपूर्वीचे एक वर्ष घरी घालवण्यात सर्वांत मोठा लाभ कोणता असेल, तर तो हाच. इंग्रजी व हिंदी मुलास पुढे शिकावीच लागतील आणि ती येतीलच, कारण सारे जग त्यांच्या पाठीशी आहे. मराठीच्या पाठीशी फक्त आपण आहो.

ही भाषा पाटीवरून येत नाही, कानावरून येते. 'चमचा' आणि 'चहा' या शब्दांतील च एकच लिहिला जातो, पण निराळा उच्चारला जातो. कोणतेही पुस्तक हे मुलास सांगू शकत नाही. बाळ, फळ, डोळे, कमळ यांतील ळ प्रमाण हिंदीत नाही. तो लहानपणी जिभेवर बसला नाही तर पुढे कष्टाने बसतो. आणि एका शब्दाची मौज तर सर्वांनी लक्षात ठेवावी. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे विद्या. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. आपण आखलेले वर्ष हिंदी अर्थाने शिक्षेचे व्हावे, मराठी अर्थाने नव्हे.

४. दिवसाची आखणी

घरी शिकवणे म्हणजे दिवसभर शिकवणे, असा समज करून घेऊ नये. सकाळी सुमारे दोन तास आणि सायंकाळी एक तास एवढे पुरेसे आहे. मात्र ते रोज एकाच वेळी असावे. मुलास घड्याळ कळत नसले तरी क्रम कळतो. आधी काय आणि मग काय हे ठाऊक असले म्हणजे ते स्वस्थ असते.

सकाळचा पहिला भाग कामाचा असावा. हे काम खोटे असता कामा नये. घराला खरोखर ज्याची गरज आहे असेच काम मुलास द्यावे. मटार सोलणे, कोथिंबीर निवडणे, देवाच्या पूजेची फुले वेचणे, फुलवाती करणे, ताटे-वाट्या मांडणे, कणकेच्या लहान गोळ्या करणे, धुतलेले रुमाल घडी करून ठेवणे. यांतील प्रत्येक कामात बोटे तयार होतात, आणि तीच बोटे उद्या लेखणी धरणार आहेत. पाच माणसांना पाच वाट्या मांडताना एकास एक ही गणिताची पहिली कल्पना मुलाच्या हाती येते. डाळ आणि तांदूळ वेगळे करताना वर्गीकरण येते. काम हळू होईल, सांडेल, मोडेल. आईने ते मुलादेखत पुन्हा करू नये. आपले काम मोठ्यांनी पुसून पुन्हा केले हे पाहिल्यावर मुलाची उमेद खचते.

दुसरा भाग गप्पागोष्टींचा. काल काय पाहिले, आज काय दिसले, स्वप्न पडले का, असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. मूल हिंदीत उत्तरले तर रागावू नये, सुधारूही नये. तेच वाक्य आपण सहज मराठीत म्हणावे आणि पुढे बोलावे. 'मैंने बिल्ली देखी' असे ते म्हणाले, तर 'हो का? तू मांजर पाहिलीस? कुठे बसली होती?' इतकेच पुरे. टोकल्याने जीभ अडते. ऐकून ऐकून ती सुटते.

तिसरा भाग हातांच्या खेळाचा : माती, रंग, कागद, चिंचोके, सागरगोटे, ठिपक्यांची रांगोळी. आपल्या भैरवगढात ठशांनी कापड छापण्याची कला पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. एकदा मुलास ती दाखवून आणावी आणि मग घरी बटाटा किंवा भेंडी कापून तिचे ठसे कागदावर उठवू द्यावे. ओळीने, समान अंतरावर ठसा उठवणे हा रचनेचा उत्तम पाठ आहे.

सायंकाळचा तास धावण्याचा आणि गोष्टीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी, त्याला १० ते १३ तास झोप मिळावी आणि पडद्यासमोर एका तासाहून अधिक बसवू नये. याहून कमी असेल तर उत्तमच. जेवताना हातात मोबाइल देणे हे आजचे सर्वांत सोपे आणि सर्वांत महाग बालसंगोपन होय. त्या वेळी मुलाला ऐकू येणारा शब्द निघून जातो. रात्री निजताना गोष्ट मात्र माणसाच्याच तोंडून यावी. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगावी. अकराव्या वेळी मूल ती आपल्याला सांगेल.

५. वर्षाची आखणी

आपल्याकडे शाळेचे नवे वर्ष एप्रिलच्या सुमारास आरंभते. म्हणून गुढीपाडवा ते गुढीपाडवा असे आपले वर्ष धरावे. ऋतू आणि सण हीच या अभ्यासाची प्रकरणे होत.

चैत्र ते ज्येष्ठ हा उन्हाळा. माळव्यातील दुपारी मुलाने घराबाहेर पडू नये. या काळात वाळवण असते : पापड लाटताना गोल, कुरडया घालताना वळणे. चैत्रगौरीच्या वेळी कैरीची डाळ आणि पन्हे करताना आंबट, गोड, खारट, तिखट या चवींची ओळख होते. सावलीचा अभ्यासही याच वेळी सुरू करावा. कर्कवृत्त आपल्या नगरीच्या अगदी जवळून जाते. म्हणून २१ जूनच्या सुमारास, ढग नसल्यास, मध्याह्नी सावली जवळजवळ नाहीशी होते. अंगणात मुलास उभे करून दर महिन्यास त्याच्या मध्याह्नीच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि पावलांनी मोजावी. डिसेंबरात ती सर्वांत लांब होईल. त्यानंतर राजा सवाई जयसिंहाची वेधशाळा दाखवावयास न्यावे. पाच वर्षांच्या मुलास यंत्राचे गणित कळणार नाही, पण दगडी भिंतीची सावली सरकते आणि तिच्यावरून वेळ कळते, हे ते विसरणार नाही.

आषाढ ते भाद्रपद हा पावसाळा. मडक्यात मूग, मोहरी, मेथी पेरून रोज पाहावे. फ्रोबेलची बाग येथे अक्षरशः अवतरते. याच काळात महाकालेश्वराची सवारी सोमवारी निघते. दर सोमवारी भिंतीवर एक टिळा लावून आजवर किती सवाऱ्या झाल्या हे मोजावे. येथील पंचांगात महिना पौर्णिमेस संपतो आणि आपल्या मराठी पंचांगात अमावास्येस. म्हणून मुलास शेजाऱ्यांचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागलेला दिसतो. त्याचा उलगडा शब्दांनी करू नये. गच्चीवर नेऊन चंद्र दाखवावा. वाढता चंद्र, पुरा चंद्र, घटता चंद्र एवढे कळले तरी पुष्कळ. भाद्रपदातील पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात, तिला फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात आणि गाणी म्हणतात. रोज नवी आकृती, आणि शेवटी किल्लाकोट. आपल्या मुलींनी आणि मुलांनीही शेजारणींबरोबर यात सामील व्हावे. मराठी जपणे म्हणजे मालवीकडे पाठ फिरवणे नव्हे. ज्या मातीत आपण वाढलो तिचे गाणेही आपलेच आहे. त्यानंतर लगेच नवरात्रात भोंडला येतो, आणि दोन्ही गाणी मुलाच्या ओठी राहतात.

आश्विन ते मार्गशीर्ष हा वर्षाचा उत्तम भाग. घटस्थापनेच्या वेळी मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत किती वाढले, हे रोज एका दोऱ्याने मोजून दोरे ओळीने लावावेत. तो मुलाने केलेला पहिला आलेख होय. विजयादशमीस पाटीपूजन करून अक्षरास हात घालावा, त्यापूर्वी नको. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करावा. दगड कसे रचले म्हणजे ढासळत नाहीत, पाणी कोठून वाहते, जिना कोठे घ्यावा, यात मूल आठ-आठ दिवस रमते.

पौष ते फाल्गुन या थंडीच्या दिवसांत बाहेरचे खेळ. संक्रांतीस माळव्यात विटीदांडू रंगतो; घरी तिळगूळ करताना तीळ, गूळ, वेलची यांची मापे वाटीने घ्यावीत. शेतात गव्हाच्या ओंब्या भरू लागल्या म्हणजे एक दिवस जवळच्या गावी न्यावे आणि पोळी कोठून येते ते मुळापासून दाखवावे. रंगपंचमीपर्यंत वर्ष संपत येते.

६. अक्षर आणि अंक

आता पालकांस ज्याची सर्वाधिक उत्कंठा असते तो भाग. तो आम्ही शेवटी घेतला आहे, कारण मुलाच्या वर्षातही तो शेवटीच यावयास हवा. पूर्वीच्या काळी मूल प्रथम धुळाक्षरे गिरवीत असे. पाटावर बारीक माती पसरून बोटाने अक्षर काढीत असे. या पद्धतीत मोठे शहाणपण होते. बोटाला दाब द्यावा लागत नाही, चूक हाताने पुसता येते, आणि अक्षराचा आकार साऱ्या हाताला कळतो. ताटात रवा अथवा कोरडी माती घेऊन आजही हे करावे.

त्याआधी निदान तीन महिने केवळ ध्वनींचे खेळ खेळावेत. 'क ने सुरू होणारे घरात काय काय आहे?' कप, कढई, कपाट, कणीक. हा खेळ चालता-फिरता होतो. मग मुलाचे स्वतःचे नाव लिहून दाराशी लावावे. त्यानंतर मराठी शाळांत रूढ झालेला ग, म, भ, न हा क्रम घ्यावा. या अक्षरांच्या आकारात साम्य असल्याने एक जमले की दुसरे सोपे जाते. चार अक्षरे येताच मन, गगन, नमन असे शब्द होतात, आणि आपण वाचतो हा आनंद मुलास मिळतो. आठवड्यास एकाहून अधिक अक्षर घेऊ नये. वर्षअखेर पंधरा-वीस अक्षरे आली तरी समाधान मानावे. देवनागरी लिपी हिंदीतही तीच असल्याने हे श्रम दोन्हीकडे कामी येतात.

अंकांच्या बाबतीत पाठांतराचा मोह टाळावा. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलास सात चिंचोके मोजून द्यावयास सांगितले तर ते पुष्कळदा गोंधळते. वीसपर्यंत वस्तू मोजता येणे हे शंभरपर्यंत तोंडपाठ असण्यापेक्षा श्रेष्ठ. त्यापुढे मराठीत एकोणतीस आणि हिंदीत उनतीस अशी नावे येतात. दोन्ही भाषांतील ही नावे कठीण असल्याने त्यांची घाई नको. अधिक-उणे, लांब-आखूड, जड-हलके, आधी-नंतर हे शब्द वापरता येणे हेच या वयाचे गणित होय.

७. सावधगिरीच्या चार गोष्टी

एक : हे वर्ष सर्वांसाठी नाही. आईवडील दोघेही कामावर जात असतील, घरी आजी-आजोबा नसतील किंवा ते थकलेले असतील, तर मुलास चांगल्या बालवाडीत वा अंगणवाडीत पाठवणे अधिक हिताचे. मोलकरणीच्या भरवशावर ठेवलेले, दिवसभर पडद्यासमोर बसलेले मूल म्हणजे घरची बालवाडी नव्हे. ज्यांना पाठवणे भाग आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. सायंकाळचा एक तास त्यांच्याही हाती आहे.

दोन : हा भार एकट्या आईवर टाकू नये. वर्षाची योजना ठरवताना वडिलांनी आठवड्यातील दोन कामे आपल्याकडे घ्यावीत, मग ती रोजची गोष्ट असो की रविवारचे फिरणे. गिजुभाईंना लोकांनी आई म्हटले ते उगीच नव्हे.

तीन : मुलाला मूल हवे. घर कितीही चांगले असले तरी वाटून घेणे, हरणे, भांडणे आणि पुन्हा गोडी करणे हे समवयस्कांतच शिकता येते. म्हणून एकेकट्याने हे वर्ष चालवू नये. तीन-चार कुटुंबांनी मिळून आठवड्यातून दोन सकाळी एकत्र याव्यात, पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी. ज्यांच्या घरी आजी गोष्टीवेल्हाळ असतील तेथे गोष्ट, ज्यांचे अंगण मोठे तेथे खेळ. चार घरांतील मराठी एकत्र आली म्हणजे मुलास कळते की ही केवळ आजीची भाषा नाही, सवंगड्यांचीही आहे. आमच्या मते या योजनेतील हे सर्वांत महत्त्वाचे कलम होय.

चार : मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, चौथ्या वर्षीही त्याचे बोलणे घराबाहेरच्यांस कळत नसेल, वस्तू डोळ्यांजवळ नेऊन पाहत असेल, किंवा इतर मुलांकडे त्याचे लक्षच जात नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये, वैद्यांचा सल्ला घ्यावा. शाळेत ज्या गोष्टी शिक्षिकेच्या नजरेस आल्या असत्या त्या घरी आपल्यालाच पाहाव्या लागतात.

८. वर्षअखेर काय पाहावे

पुढच्या पाडव्यास मुलाची परीक्षा घेऊ नये, आपलीच घ्यावी. मूल स्वतःचे कपडे घालते काय, गुंड्या लावते काय, स्वतःच्या हाताने जेवते काय? पाच-दहा वाक्यांत एखादी गोष्ट मराठीत सांगते काय? पंधरा मिनिटे स्वस्थ बसून ऐकते काय? वीस वस्तू मोजते, आपले नाव ओळखते, खडूने गोल आणि रेघ काढते काय? अपरिचित मोठ्या माणसाकडे पाणी मागण्याइतके धीट झाले काय? आणि सर्वांत मोठा प्रश्न : 'हे काय आहे? असे का?' असे ते अजून विचारते काय? ही जिज्ञासा जिवंत असेल तर पहिलीच्या वर्गात जे शिकवले जाईल ते त्याला येईल. ती विझली असेल तर शंभर अंक आणि सारी बाराखडी पाठ असून उपयोग नाही.

एप्रिल महिना येईल, दप्तर येईल, शाळा सुरू होईल आणि मग ती पुढे अनेक वर्षे चालेल. त्यापूर्वीचे हे एकच वर्ष मुलाला घरचे म्हणून मिळते. त्याची आखणी या पाडव्यापूर्वीच कुटुंबात बसून करावी, अशी आमची सर्व सभासद कुटुंबांस विनंती आहे.

कुटुंबात विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात मुलाच्या कानावर दिवसातून किती वेळ मराठी पडते? त्यातील किती माणसाच्या तोंडून आणि किती यंत्रातून?

२. मुलास रोज देता येईल असे, घराला खरोखर हवे असलेले एक काम कोणते?

३. वडील, आजी, आजोबा, काका-काकू यांपैकी कोण कोणता वाटा उचलील?

४. आपल्या मुलाच्या वयाची मुले असलेली तीन मराठी घरे आपल्या आसपास कोणती? त्यांच्याशी बोलणे कधी करावयाचे?